मोठा तेवढा मोजायचा

"मग तिला समजावू तरी कसं, भंते?"

 भंतेंच्या चिवराची एक शिवण उसवली होती, ती शिवायला ते बसले होते. सुईत दोरा काही केल्या जात नव्हता.

"तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती. तुमच्यावर तिची श्रद्धा आहे. माझ्या ऑफिसात येऊन बाकावर बसते आणि दर वेळी तेच विचारते. मी सांगून सांगून थकलो."

"आधी मला सांग," भंते म्हणाले. "मला समजलं, तर तिला समजावीन."

तालुक्याच्या गावाबाहेर एक छोटा विहार आहे. वैशाख होता, बुद्धपौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. भिंतींना नवा चुना लागला होता आणि त्याचा वास अजून गेला नव्हता.

प्रश्न विचारणारे होते पोलीस निरीक्षक हर्षदीप तागडे. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांमधून गुन्ह्यांची माहिती मागवायची, ती तपासायची, तिचे तक्ते तयार करायचे आणि राज्याच्या कार्यालयाला धाडायचे, हा विभाग त्यांच्याकडे होता. राज्य ते तक्ते दिल्लीला पाठवतं. तिथे साऱ्या देशाची बेरीज होते आणि वर्षाला एक जाडजूड पुस्तक निघतं.

लहानपणी तागडे याच विहारात भंते उपसेन यांच्यासमोर मांडी घालून त्रिशरण शिकले होते. मांडी अजून जमत होती. फक्त त्यासाठी आता पट्टा सैल करावा लागे.

यंदा राज्याच्या कार्यालयानं त्यांच्या तक्त्याचं कौतुक केलं होतं. इतका स्वच्छ तक्ता दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याचा आला नाही, असं वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले होते. तागडे हा "स्वच्छ" शब्द तेव्हापासून बराच वापरत. आपल्याला स्वतःचा गर्व नाही, तक्त्याचा आहे, असंही ते म्हणत. खरं सांगायचं तर दोन्हींत फारसं अंतर उरलं नव्हतं.

"बघा भंते. एक माणूस ठाण्यात येतो. म्हणतो, चौघं घरात घुसले, दार मोडलं, मला शिव्या दिल्या, मारलं, जाताना मोबाईल नेला. हे किती गुन्हे झाले?"

"तो माणूस किती म्हणतो?"

"त्याला काय कळतं! कलमं लावायला बसलो तर पाच-सहा लागतात. पण घटना एक, फिर्याद एक. म्हणून मोजायचा एकच. आणि तो कुठला? सगळ्यांत मोठा. ज्याला सगळ्यांत जबर शिक्षा, तो."

"बाकीचे?"

"बाकीचे कुठं जात नाहीत. फिर्यादीत असतात, तपासात असतात, कोर्टात चालतात. फक्त आकड्यात येत नाहीत."

"असं का करता?"

तागडे पुढे सरकले. हा त्यांचा आवडता विषय होता. नव्या पोरांच्या प्रशिक्षणात ते यावर तासभर बोलत.

"नाहीतर गोंधळ होतो, भंते. एका ठाण्यातला अंमलदार हौशी असतो. बांधावरच्या भांडणालाही दहा कलमं लावतो. शेजारच्या ठाण्यातला आळशी. तो दोनवर भागवतो. सगळीच कलमं मोजली, तर हौशी माणसाचं ठाणं म्हणजे गुन्हेगारांचा अड्डा वाटेल आणि आळशाचं ठाणं म्हणजे आश्रम. मग एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करायची कशी? म्हणून साऱ्या देशाला माप एकच. मोठा तेवढा मोजायचा."

दोरा सुईत गेला.

"चांगला नियम आहे," भंते म्हणाले.

तागडे वाद घालायच्या तयारीनं आले होते. 

"चांगला आहे ना?"

"चांगला आहे. आता तिचं सांग."

"बेबीनंदा चहांदे. ओळखता तुम्ही तिला."

"ओळखतो. तरी सांग."

तागड्यांनी सांगितलं. गावाच्या टोकाला एक जिनिंग मिल आहे. कापसाच्या हंगामात तिथं ट्रकांची रीघ असते. बेबीनंदाचे सासरे नत्थूजी तिथले चौकीदार. आवारातच एक खोली मिळालेली. तिथं ते, त्यांची बायको पार्बताबाई आणि ही विधवा सून, असे तिघं राहत.

गेल्या वर्षीच्या हंगामात एका तिन्हीसांजेला, सासू घरी नसताना, बेबीनंदा आवारातल्या नळावर पाणी भरत होती. ट्रकाबरोबर आलेल्या दोघांपैकी एकानं तिचा हात धरला आणि तिला गोदामाच्या मागे ओढायला लागला. ती ओरडली. नत्थूजी काठी घेऊन धावले. दुसऱ्यानं त्यांच्या डोक्यात लोखंडी सळई घातली. म्हातारा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. ते दोघं दुसऱ्या दिवशी पकडले गेले आणि आजही तुरुंगात आहेत.

"फिर्याद तिनंच दिली," तागडे म्हणाले. "खून आणि विनयभंग, दोन्ही त्यात आहेत. तपास चोख झाला. आता वर्षाच्या तक्त्यात काय घ्यायचं?"

"मोठा."

"बरोबर! खून. एक खून घेतला. नियमानं चाललो. पुढं जिल्ह्याचा तक्ता ठाणेवार पेपरात छापून आला. त्यांच्या ठाण्याच्या ओळीत खून एक. विनयभंग शून्य."

"मग?"

"मग काय... ती आली पेपर घेऊन. म्हणते, साहेब, मायं कुठं हाये?"

भंतेंनी दोन टाके घातले.

"ती असं का विचारते?"

"बायकांचं काय, भंते. नाव छापून येत नाही म्हणून..."

तागडे बोलता बोलता थांबले. भंते टाका घालायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. रागानं नाही. नुसतंच बघत होते.

"तिला गावात त्रास होतोय," तागडे हळू आवाजात म्हणाले. "नत्थूजी मालकाचा कापूस चोरांपासून वाचवताना मेले, असं गावात आधीपासून पसरलं होतं. मालकालाही तेच सोयीचं. ही सांगत राहिली, माझ्यासाठी गेले. कुणी मानलं, कुणी नाही. तेवढ्यात तो तक्ता आला. कुणीतरी तो चावडीवर मोठ्यानं वाचला. बघा म्हणे, सरकारच सांगतंय, आपल्या ठाण्यात असं काही घडलंच नाही. म्हणजे ही बाई खोटं बोलते. मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर स्वतःचं काहीतरी झाकते."

"आणि पार्बताबाई?"

"सासूनं बोलणं टाकलंय. एका चुलीवर दोन भाकरी वेगवेगळ्या भाजतात, म्हणे. पौर्णिमा झाली की माहेरी जा, असं सांगितलंय तिला. माहेरी कुणी नाही तिचं. एक भाऊ आहे, तो हिला ठेवून घ्यायला तयार नाही."

"हे सगळं तुला माहीत आहे?"

"तीच सांगते बाकावर बसून. ऐकावंच लागतं."

"आणि तू काय सांगतोस?"

"नियम सांगतो."

भंते पुन्हा शिवायला लागले.

ऊन वर चढलं होतं. तागड्यांच्या घशाला कोरड पडली.

"भंते, थोडं पाणी मिळेल का?"

"पाणी नाही."

"विहारात पाणी नाही? या उन्हात?"

"काल संध्याकाळी वावधन सुटलं. कडुनिंबाची फांदी पडली."

तागड्यांनी मागे वळून पाहिलं. पडवीच्या पत्र्यावर मोठी फांदी आडवी पडली होती. पत्रा दबला होता. येताना ती त्यांना दिसली होतीच.

"ते कळलं. पण पाणी..."

"सकाळी विहार समितीची माणसं आली होती. विचारत होती, काय झालं भंते? मी म्हणालो, फांदी पडली. बिचारे लगेच कामाला लागले. करवतवाला सांगून आले आहेत. दुपारी येईल तो."

"बरं. मग?"

"पाण्याचा रांजण फांदीखाली होता. फुटला."

"हे नाही सांगितलंत त्यांना?"

"नाही."

"का?"

"फांदी मोठी होती."

तागडे हसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते जरा चिडले.

"हा खेळ झाला, भंते. माझी गंमत करताय तुम्ही."

"गंमत कुठली? सकाळपासून मलाही तहान लागली आहे."

भंतेंचे ओठ खरोखरच सुकले होते. तागडे उठले, जीपमधून आपली पाण्याची बाटली घेऊन आले आणि दोन्ही हातांनी भंतेंना दिली. भंतेंनी अर्धी बाटली संपवली. उरलेली तागड्यांनी संपवली. 

"तुमचा रोख कळला मला," तागडे बाटलीला झाकण लावत म्हणाले. "पण रांजण वेगळा आणि देश वेगळा. समितीला तुम्ही दोन गोष्टी सांगू शकता. मला देशभरच्या लाखो फिर्यादींच्या रांगेत माझी फिर्याद बसवायची असते. रांगेत सगळ्यांनी सारखंच उभं राहायला पाहिजे. मी एकट्यानं नियम वाकवला, तर माझा तक्ता खोटा होईल."

"हो."

"म्हणजे मी बरोबर आहे?"

"तक्ता बरोबर आहे," भंते म्हणाले. "एक विचारू? तुझ्या तक्त्यात खुनाचं कारण लिहितात का?"

"लिहितात ना. त्याचा वेगळा तक्ता असतो. जुनं वैर, जमिनीचा वाद, पैसा, चोरी... असे रकाने ठरलेले असतात. प्रत्येक खून कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवायचा."

"नत्थूजी कुठल्या रकान्यात बसले?"

 तागड्यांना ते आठवत होतं. बेबीनंदा इतक्या वेळा येऊन बसली होती, की हे प्रकरण त्यांना तोंडपाठ झालं होतं.

"वैर नव्हतं," ते म्हणाले. "ते ट्रकवाले त्यांना ओळखतही नव्हते. जमीन नाही. पैसा नाही. चोरी झालीच नाही, म्हणून चोरीत टाकता येईना. मग..."

"मग?"

"इतर कारण."

"इतर."

"तसा एक रकाना असतो. कुठंच न बसणारे तिथं जातात."

भंतेंनी सुई चिवरात टोचून ठेवली.

"हर्षदीप, म्हातारा कशासाठी मेला?"

"सांगितलं ना, भंते... इतर..."

 आपण काय बोलतो आहोत ते तागड्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. त्यांना लाज वाटली. लहानपणी याच जागी त्रिशरण म्हणताना चुकलं की अशी लाज वाटायची. बऱ्याच वर्षांत ती वाटली नव्हती.

...

फाटक वाजलं.

भिक्खूंचं जेवण दिवसातून एकदाच होतं आणि तेही दुपारचे बारा वाजायच्या आत. म्हणून अकराच्या सुमारास गावातल्या बायका भोजनदान घेऊन येतात. आजही आल्या. डब्यांचा, बांगड्यांचा आवाज आला. पुढे पार्बताबाई होत्या. पांढरं लुगडं, हातात पितळी डबा. आज नत्थूजींच्या नावानं दान होतं.

सगळ्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून, बेबीनंदा होती. तिच्या हातात काही नव्हतं. सासूनं काही दिलंच नव्हतं.

"वंदामि भंते," बायका म्हणाल्या आणि सतरंजीवर बसल्या.

बेबीनंदा बसली नाही. तिनं तागड्यांना पाहिलं होतं. एरवी ती त्यांच्या ऑफिसात गेली की आधी दारात अडकायची, मग बाकावर. इथं दार नव्हतं आणि बाकही नव्हता. ती सरळ चालत पुढे आली.

"साहेब, तुमी इथं भेटले, बरं झालं."

"बस, बेबीनंदा," भंते म्हणाले.

"बसतो भंते. पयले साहेबाले इचारतो." तिनं पदर खांद्यावर घट्ट घेतला. "साहेब, तिकडं तुमच्या हापिसात सांगता, ते इथं सांगा. या समद्या बायाइच्या समोर सांगा. मायं कुठं हाये?"

बायकांची कुजबुज थांबली. पार्बताबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

तागडे उठून उभे राहिले. सवयीनं त्यांनी पट्टा नीट केला.

"बेबीनंदाबाई, नियम असा आहे, की एका फिर्यादीत जेव्हा एकाहून जास्त..."

त्यांनी भंतेंकडे पाहिलं. भंते दोरा दातानं तोडत होते. समजावून सांगण्याचं काम आता ते आपल्या अंगावर घेणार नव्हते, हे उघड होतं.

"थे मले समजत नाई साहेब," बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मले फक्त एक सांगा. पेपरात शून्य हाये. शून्य म्हंजे झालंच नाई, असंच ना?"

...

नव्या पोरांना शून्य या विषयावर तागडे काय काय सांगत. शून्य म्हणजे माहिती नाही असं नव्हे, शून्य म्हणजे तपासून पाहिलं आणि काही आढळलं नाही. म्हणून शून्य लिहिताना दहा वेळा विचार करा. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

"झालं," तागडे म्हणाले.

"मोठ्यानं सांगा, साहेब."

"झालं!" त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा निघाला. पडवीतल्या चिमण्या उडाल्या. मग ते सावकाश बोलायला लागले. "बाई, तुमच्यावर गुन्हा झाला. त्याच संध्याकाळी, त्याच जागी, एक नाही, दोन गुन्हे झाले. पहिला तुमच्यावर. दुसरा नत्थूजींवर. फिर्यादीत दोन्ही आहेत. नळापाशी तुमच्या बांगड्यांचे तुकडे सापडले, तेही कागदावर आहे. मी स्वतः वाचलंय. कोर्टात दोन्ही चालणार आहेत. पेपरात जे आलं ते मी पाठवलेलं होतं. मी दोहोंतला एकच मोजला. तुमचा मोजला नाही."

बेबीनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती रडते आहे असं वाटत नव्हतं. तिनं ते पुसलंही नाही.

"ऐकलं ना वं," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली.

 एक म्हातारी नुसतीच मान हलवत राहिली.

मग पार्बताबाई बोलल्या. मान अजून वळलेलीच होती.

"साहेब. मंग बुढा कायच्यापाई मेला?"

तागड्यांनी मघाशी हाच प्रश्न ऐकला होता. मघाशी त्यांच्याकडे त्याचं एक उत्तर होतं.

"सुनेला सोडवायला धावले होते, आई. त्या माणसाचा हात त्यांनी काठीनं सोडवला. तेवढ्यात दुसऱ्यानं सळई घातली."

"कापसापाई नाई?"

"नाही. कापसाला त्या दिवशी कुणी हातही लावला नाही."

"मालक त म्हणे, कापसापाई."

"मालक तिथं नव्हता, आई. ही होती."

पार्बताबाईंचा हात पितळी डब्याच्या झाकणावर होता. 

"मी त त्याले रोज शिव्या देत होती," त्या म्हणाल्या. "रोज सकायी फोटोपुढं उभी राहो अन् म्हणो, बुढ्या, दुसऱ्याच्या गाठोड्यापाई जीव देल्ला तू. मालकानं काय देल्लं तुले? मले एकटी टाकून कापसापाई गेला. रोज म्हणो... रोज."

 पदराचा बोळा त्यांनी तोंडाशी धरला.

 तागडे फांदीकडे बघत राहिले.

भंतेंनी आकाशाकडे पाहिलं. सूर्य बराच वर आला होता.

"बाराच्या आत वाढायला हवं," ते शांतपणे म्हणाले. "नत्थूजींच्या नावाचं दान आहे."

पार्बताबाई उठल्या. गुडघे दुखत असावेत, कारण उठताना त्यांना वेळ लागला. त्यांनी पितळी डब्याचं झाकण काढलं. आत भात होता, वर वरण. त्यांनी पळी घेतली. भंतेंच्या पात्रापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या.

"बेबे."

बेबीनंदा जागची हलली नाही. या नावानं सासूनं तिला हाक मारून कित्येक महिने झाले होते.

"इकडं ये ना वं. मायाच्यानं नाई होत. तू वाढ." त्यांनी पळी पुढे केली. "त्याच्या नावाचं हाये. तुयाच हातानं जाऊ दे."

बेबीनंदा आली. तिनं पळी घेतली. पहिली पळी पात्रात वाढताना थोडी सांडली. पार्बताबाईंनी खालून पळीला आपला हात लावला आणि दोघींनी मिळून वाढलं.

"जेवणं झाले की संगंच जाऊ घरी," पार्बताबाई म्हणाल्या. "मायेरा-बियेराचं राहू दे."

...

बायका गेल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. करवतवाला अजून आला नव्हता. जाता जाता बायकांनी एक मडकं भरून ठेवलं होतं, ते नेहमीच्या जागी नव्हतं, पण पाणी गार होतं.

तागडे पडवीत बसून राहिले. ड्रायव्हरनं दोनदा डोकावून पाहिलं. त्यांनी हातानंच त्याला थांब म्हणून सांगितलं.

भंते पात्र धूत होते. आतून, बाहेरून, सावकाश.

"भंते."

"हं."

"शून्य तसंच राहणार. नियम मला बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी अशीच फिर्याद आली, तर मी पुन्हा एकच मोजीन. मोठाच."

"मोज."

"तुम्हाला ते पटतं?"

"नियम चांगला आहे, असं म्हणालो ना मी."

 सकाळी हेच वाक्य ऐकून तागड्यांना बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य त्यांना बोचायला लागलं. जिल्ह्यातली ठाणी एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. नदीकाठचं ठाणं, रेल्वे फाटकाजवळचं, डोंगरातलं. प्रत्येकाच्या ओळीत खून होते, दरोडे होते, जाळपोळ होती. मोठे आकडे. दर वर्षी ते स्वतःच्या हातानं तपासून, सही करून ते पाठवत आले होते. त्या प्रत्येक मोठ्या आकड्याखाली आता त्यांना कुणीतरी उभं असलेलं दिसायला लागलं. कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"भंते," त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात सकाळचा ताठा नव्हता. "अशा अजून किती असतील?"

भंतेंनी पात्र पुसलं. उन्हात उपडं ठेवलं.

"मला काय विचारतोस, बाबू..."

ते वळून आत जायला निघाले. उंबऱ्यावर थांबले.

"मोजणारा तू."